हिंदी सिनेमातली मुसलमान पात्रं ठरावीक साच्यातली का असतात?

‘हे सगळं नव्वदीतल्या दहशतवादी पात्रांपासून सुरू झालं का,’ असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत. साचा आधीच तयार होता, नव्वदीत त्यात खलनायक ओतला एवढंच.

बोलपट सुरू झाला तो पारशी रंगभूमीचं सामान उचलून. ‘आलम आरा’ (१९३१) मूळचं पारशी नाटक, तर ‘इंद्रसभा’ (१९३२) लखनौच्या अमानत या शायराचं. भाषा उर्दू, थाट दरबारी. त्यामुळे पडद्यावरचा मुसलमान म्हणजे बादशहा, नवाब, शायर नाहीतर तवायफ. उत्तर प्रदेशातली जमीनदारी पन्नाशीच्या सुरुवातीलाच कायद्यानं संपली, तरी ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०) आणि ‘मेरे महबूब’ (१९६३) मध्ये नवाबी थाट शाबूतच. प्रेमानंच रंगवलंय सगळं, पण यातलं कुणी पोटापाण्यासाठी घाम गाळताना दिसतं का? सिनेमा मुंबईत बनतो, पण घरात कोकणी बोलणारा रत्नागिरीचा मुसलमान किंवा भिवंडीचा यंत्रमाग कामगार त्यात औषधालाही सापडत नाही.

दुसरा साचा फाळणीनंतरच्या संशयातून आला असं मी मानतो: निष्ठा सिद्ध करणारा मुसलमान. ‘जंजीर’मधला (१९७३) शेरखान दोस्तीसाठी जीव ओवाळून टाकायला तयार. ‘शोले’तले आंधळे इमामसाहेब तर तरुण मुलाच्या प्रेतापाशी उभे राहून म्हणतात, गावासाठी शहीद व्हायला खुदानं मला आणखी मुलं का दिली नाहीत. प्रसंग अंगावर येतो, पण एवढी किंमत त्यांच्याकडूनच का वसूल केली जाते, हे मला खटकतं.

एकदा निष्ठेची परीक्षा लावली की नापास होणाराही लागतोच. ‘सरफरोश’मध्ये (१९९९) दोन्ही आहेत. गझल, अदब, शेरवानी, सगळी जुनी नवाबी अंगावर घेतलेला गायक गुल्फाम हसन शस्त्रांच्या तस्करीत आहे. म्हणजे तीच तहजीब आता मुखवटा झाली. आणि इन्स्पेक्टर सलीम मात्र स्वतःच्याच खात्यात आपल्यावर भरवसा नाही म्हणून धुमसतोय. सलीमचा राग लिहिल्याबद्दल मी लेखकाला गुण देईन.

साच्याबाहेरचं काही बघायचं असेल तर प्रभातचा ‘शेजारी’ (१९४१) शोधा. शांतारामबापूंनी खेड्यातले दोन म्हातारे मित्र दाखवलेत, एक हिंदू, एक मुसलमान, आणि त्यांच्यात फूट पाडतो धरण बांधायला आलेला उद्योगपती. त्याच्याच हिंदी आवृत्तीत, ‘पडोसी’त, तर हिंदू म्हातारा मजहर खाननं केला आणि मुसलमान म्हातारा गजानन जागीरदारांनी.