साडेचार आठवड्यांची पिल्लं डिसेंबरात घरातून बाहेरच्या खुराड्यात हलवली तर चालतील का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं, निफाडच्या बाजूला मळ्यात राहता, कावेरी जातीच्या कोंबडीची पंचवीसेक पिल्लं आहेत, साडेचार आठवड्यांची झालीत आणि अजून घरातल्या खोलीत बल्बखाली आहेत. घरात वास सुटलाय, घरचे म्हणतायत आता काढा ती बाहेर, आणि तुम्हाला थंडीची धास्ती.

काढा बाहेर, हरकत नाही, पण आज संध्याकाळी नको. आठ-दहा दिवस घ्या.

पहिलं म्हणजे वयावर जाऊ नका, पिसांवर जा. चार-पाच आठवडे हा उन्हाळ्यातला हिशोब झाला, थंडीत पाच-सहा धरायचे, त्यात एकाच घाण्यातली दोन-चार पिल्लं कायम मागे असतात. पंखांची पिसं सगळ्यात आधी येतात आणि लोक तेवढंच बघून खूश होतात. तुम्ही पिल्लू हातात घ्या, पंख उघडा आणि खालची बगल बघा, मग मान बघा, पाठ बघा. तिथं अजून मऊ लवच असेल आणि फुंकर मारल्यावर कातडी दिसत असेल तर ते पिल्लू निफाडची पहाट काढू शकणार नाही. चार-पाच पिल्लं अशी तपासा, तीसुद्धा बारकीबारकी निवडून, कारण धडधाकट आहेत ती कशीही तगतात.

दुसरं, बल्बची सवय हळूहळू तोडायची. पहिल्या आठवड्यात पिल्लांना 35 डिग्रीच्या आसपास ऊब लागते आणि नंतर दर आठवड्याला साधारण 3 डिग्री कमी करत जायचं असं गणित आहे, म्हणजे तुमची आत्ता 23-24 डिग्रीला निवांत असायला हवीत. आता उद्यापासून दिवसा बल्ब बंद करा, दोन-तीन दिवस नीट खातायत-पळतायत असं दिसलं की रात्रीचाही बंद करा, पण अजून घरातच. थर्मामीटर नसला तरी चालेल, रात्री अकराच्या सुमारास आवाज न करता जाऊन बघा. पसरून झोपली असतील तर ठीक आहे. एकमेकांवर चढून गठ्ठा झाला असेल आणि चिवचिव चालू असेल तर थंडी वाजतीय. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने कुठूनतरी वारं आत येतंय, फट शोधा. घरात बिनबल्बची तीन-चार रात्री अशी पसरून झोपली की मग बाहेरचा विचार.

आणि मोबाईलवर नाशिकचं तापमान बघून दिवस ठरवू नका, शहरापेक्षा तुमच्याकडे खाली जातं. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात नोंदलेला पारा पेपरात येतो, तो बघा. तिथं 6-7 दाखवत असेल आणि शेजारी पहाटे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवत असतील तर तो आठवडा जाऊ द्या, घाई काय आहे.

घरचे म्हणतील (सगळ्यांचेच म्हणतात) की गावठी कोंबडीची पिल्लं तर थंडीत अंगणातच वाढतात. खरंय, पण त्यांच्यावर खुडूक कोंबडी बसलेली असते, गार वाटलं की आईच्या पोटाखाली घुसतात, तुमच्या पिल्लांना आई म्हणजे तो बल्बच.

आता खुराड्याचं. थंडी दिसली की लोक चारी बाजूंनी प्लास्टिक ताणून पॅक करतात, ते करू नका प्लीज. आत पिल्लांच्या श्वासाची आणि विष्ठेची ओल साठते, अमोनिया धरतो, डोळे चुरचुरतात आणि मग सर्दी-घुरघुर सुरू. कोरड्या थंडीत पिसं आलेलं पिल्लू टिकतं, ओलसर थंडीत टिकत नाही. गोणपाटाचे पडदे लावा, खालून वर असे, म्हणजे पिल्लांच्या उंचीला वारं लागणार नाही आणि वरती वीतभर जागा उघडी राहील, दिवसा पडदा खाली सोडून ऊन आत घ्या. खाली भाताचं तूस तीन-चार इंच, आणि त्यात घरातल्या खोलीतलं जुनं पण कोरडं तूस थोडं मिसळा, ओळखीचा वास असला की लवकर रुळतात. पाण्याच्या भांड्याखालचं तूस ओलं झालं की रोज काढून टाका, याच वयात रक्ती हगवण येते आणि तिचं मूळ बहुतेक वेळा त्या ओल्या कोपऱ्यात असतं. विष्ठेत रक्त दिसलं की घरगुती उपाय करत बसू नका, त्याच दिवशी जनावरांच्या डॉक्टरांना गाठा. जागा म्हणाल तर या वयात पिल्लामागे एक चौरस फूट पुरते, मोठी झाल्यावर दोन लागतील.

जाळीचं तुम्ही काहीच लिहिलं नाही म्हणून सांगतो. ती षटकोनी छिद्रांची हलकी मुर्गाजाळी कोंबडी आत ठेवायला ठीक आहे, मुंगूस बाहेर ठेवायला नाही, आणि कुत्र्याने एकदा मनावर घेतलं तर ती फाटतेच. खालचे दोन फूट तरी अर्ध्या इंची वेल्डेड जाळी लावा आणि ती फूटभर जमिनीत पुरा किंवा बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर दगड-माती टाका, कारण मुंगूस आणि घूस दोघंही उकरून येतात. रात्री उंदीरसुद्धा बारक्या पिल्लांचे पाय ओढतो. दाराला नुसती कडी नको, कडीत खिळा अडकवा. मळ्यात बिबट्याचा वावर असेल, तुमच्या भागात उसाच्या कडेला असतोच, तर खुराडं घराला लागूनच पाहिजे.

हलवायचं सकाळी, ऊन वर आल्यावर. दिवसभरात त्यांना पाणी कुठंय, खाद्य कुठंय, कोपरा कुठला ते कळतं. संध्याकाळी नेऊन सोडली तर अंधारात बिथरतात आणि कोपऱ्यात ढीग करतात, खालची गुदमरून जातात, आणि लोक सकाळी म्हणतात थंडीने मेली. माझ्या मते थंडीपेक्षा या ढिगानेच जास्त जातात. त्यावर उपाय सोपा आहे, पुठ्ठे वाकवून चारही कोपरे गोल करून टाका म्हणजे चेपून बसायला कोपराच राहत नाही, आणि पहिले चार-पाच दिवस रात्री एक झिरोचा बल्ब चालू ठेवा, उबेसाठी नाही, नुसतं दिसायला. लोडशेडिंगचा भरवसा नसेल तर चार्जिंगचा दिवा टांगा. पहिल्या रात्री नऊला एकदा आणि बारा-एकला एकदा उठून बघा, ढीग दिसला तर हाताने अलगद पांगवा.

त्याच दिवशी बाकी काही बदलू नका. तेच भांडं, तेच स्टार्टर खाद्य (ते तसंही आठ आठवड्यांपर्यंत द्यायचंय), पाणी कोमट करून त्यात थोडा गूळ टाकला तरी चालतो. लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या (राणीखेत) लशीचा, दुसरा डोस चौथ्या आठवड्याच्या आसपास येतो, तो राहिला असेल तर आधी देऊन घ्या आणि मधे चार-पाच दिवस जाऊ द्या, लस आणि जागाबदल एकाच दिवशी नको, दोन्हीचा ताण येतो. कोंबड्यांच्या देवी रोगाच्या लशीचंही डॉक्टरांना विचारून ठेवा, देवी डासांमुळे पसरते आणि बाहेर डास आलेच.

नंतर लगेच मोकळी सोडू नका. चार-पाच दिवस खुराड्यातच कोंडून ठेवा, हेच आपलं घर हे डोक्यात बसू द्या, मेथी-पालकाची जुडी दोरीने टांगली की टोचत बसतात, एकमेकांना टोचायचं कमी होतं. मग संध्याकाळी अंधार पडायच्या तासभर आधी दार उघडा, भुकेली असताना, म्हणजे लांब जात नाहीत आणि खाद्याचा डबा वाजवला की आत येतात. एक-दोन वेंधळी पिल्लं सुरुवातीला दाराबाहेरच बसून राहतील, ती उचलून आत टाकायची, काही दिवसांत शिकतात. दिवसा घारी-कावळ्यांसाठी वरती जुनी शेडनेट किंवा माशाचं जाळं ताणा.

तुमच्याकडे मोठ्या कोंबड्या आधीच असतील तर त्यांच्यात ही आत्ता मिसळू नका. मधे जाळी घालून शेजारी ठेवा, एकमेकींना बघू दे, अंगाने बरोबरीला आल्या की मगच, म्हणजे तीनेक महिन्यांच्या झाल्यावर. आणि आधी मोठ्यांचं काम उरकून नंतर पिल्लांकडे जाऊ नका, उलटं करा, पिल्लं आधी. चपलांनी रोग आत येतो.

बगल तपासून इथेच खाली लिहा काय दिसलं ते, जमलं तर फोटो टाका, मग कुठला दिवस धरायचा ते सांगतो.