ट्रायथलॉनला स्वयंसेवक म्हणून जायचंय, पण मला ना पोहता येतं ना पळता. कोणतं काम मागू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातल्या एका हौशी ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं अशी एकापाठोपाठ शर्यत) ऑफिसच्या ग्रुपवर स्वयंसेवक हवेत असा निरोप फिरतोय, तुम्हाला जायची इच्छा आहे, पण खेळाशी संबंध शून्य. 'आपण तिथे जाऊन मध्येमध्येच करू का?' अशी धास्ती.

नाही करणार. मी बँकेत तीस वर्षं काढली, पोहायला आजही येत नाही, आणि सायकल शेवटची चालवली ती लग्नाआधी. भाच्याने पहिल्यांदा भाग घेतला तेव्हा नुसती बघायला गेले होते. तिथे माणसं कमी पडली म्हणून कुणीतरी गळ्यात शिट्टी अडकवली. तेव्हापासून पाच वेळा झालं. त्यामुळे खेळाडूच्या नाही, पण कठड्यावर उभं राहणाऱ्याच्या बाजूने सांगू शकते.

सरळ उत्तर हवं असेल तर: पोहण्याच्या तलावावर लेंथ, म्हणजे तलावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या खेपा, मोजायचं काम मागा.

ते का, हे सांगते. गावातल्या हौशी स्पर्धा बहुतेक पोहण्याच्या तलावातच होतात. उघड्या पाण्यात उतरवायचं तर परवानग्या, होड्या, कायाकवाले, जीवरक्षक असा मोठा पसारा लागतो. छोट्या पल्ल्याच्या, म्हणजे स्प्रिंट ट्रायथलॉनमध्ये ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं असतं. बालेवाडीला क्रीडासंकुलात आहे तसा ५० मीटरचा तलाव धरला तर ७५० मीटर म्हणजे १५ लेंथ. पंधरा ही विषम संख्या आहे, हे तिथे गेल्याशिवाय कुणाच्या डोक्यात येत नाही! माणूस ज्या टोकाला पाण्यात उतरतो, त्याच्या समोरच्या टोकाला बाहेर येतो. म्हणजे तुम्ही सुरुवातीच्या टोकाला उभ्या असाल तर तो तुमच्यापाशी सात वेळा परत येणार आणि सातव्यांदा वळला की थेट पलीकडेच निघणार. मी प्रत्येक परतीला एक रेघ मारते, आणि सातवी रेघ पडायच्या आत लाल पाटी पाण्यात धरते: आता शेवटची. पाटी पाण्याखाली धरायची, वर नाही. पोहणाऱ्याची नजर खाली असते.

एका लेनमध्ये तीन-चार जण असतात. सगळ्यांच्या टोप्या एकाच रंगाच्या असल्या तर काय होतं ते मी स्वतःवरून सांगते. पहिल्याच वर्षी मी दोन निळ्या टोप्यांची गल्लत केली आणि एका बिचाऱ्याला दोन लेंथ जास्त पोहायला लावलं. म्हणजे १०० मीटर, म्हणजे त्याच्या वेगाने दोन-अडीच मिनिटं फुकट. शर्यत संपल्यावर तो पोह्यांची बशी घेऊन माझ्याच शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, 'काकू, आज पोहताना फार लांब वाटलं हो.' मी सांगून टाकलं. तो हसला, पण मला त्या दिवशी पोहे गेले नाहीत. आता मी आधीच लेनप्रमुखाला सांगून एका लेनमधल्या टोप्या वेगवेगळ्या रंगांच्या करून घेते, आणि तसं शक्य नसेल तर दोनच माणसं मोजेन म्हणून स्पष्ट सांगते. मान मोडून आली तरी चालेल, लेनवरून नजर हलवायची नाही. शेजारच्या काकांनी गप्पा काढल्या तर ऐकू न आल्यासारखं करा.

उलटंही होतं. एखादा काठाला हात टेकवून ओरडतो, 'झाले माझे पंधरा!' आणि तुमच्या वहीत तेरा असतात. त्याचा राग नाही करायचा. तो खोटं बोलत नसतो. दमलेल्या माणसाला खरोखर मोजता येत नाही. आणि मला वाटतं सगळ्या स्वयंसेवकगिरीचं मूळ इथेच आहे: त्या दोन-तीन तासांत समोरच्याचं डोकं चालत नसतं, म्हणून त्याच्या वाटचं डोकं आपण चालवायचं. ते ज्याला शांतपणे जमतं त्याला पोहता आलं नाही तरी काही बिघडत नाही.

दुसरं चांगलं काम म्हणजे ट्रान्झिशन. सायकली रांगेने रॅकला टांगलेल्या असतात ते आवार. पोहून आलेला माणूस ओल्या अंगाने तिथे येतो, बूट चढवतो, सायकल घेऊन पळतो; नंतर सायकल ठेवून धावायला जातो. इथे नियम थोडे पण पक्के आहेत. हेल्मेटचं बक्कल लागल्याशिवाय सायकल रॅकवरून काढायची नाही. आवारात सायकलवर बसायचं नाही, हातात धरून पळायचं. जमिनीवर रेघ आखलेली असते, ती ओलांडली की मगच टांग मारायची. परत येताना त्या रेघेच्या आधी उतरायचं आणि सायकल रॅकला लागेपर्यंत बक्कल उघडायचं नाही. तुम्ही त्या रेघेपाशी उभं राहून 'बक्कल! बक्कल!' एवढंच ओरडायचं. घसा बसतो, पण काम सोपं आहे. एक लक्षात ठेवा: मदत म्हणून कुणाची सायकल धरायला, बूट हातात द्यायला जाऊ नका. बाहेरची मदत नियमात बसत नाही, आणि तुमच्या चांगुलपणामुळे त्याला दंड बसू शकतो. पुढच्याच्या मागे चिकटून वारा चुकवला का वगैरे बघायला वेगळे पंच असतात, त्यात आपण नाक खुपसायचं नाही.

याच आवारातलं शेवटचं काम मला फार आवडतं, कारण ते अगदी बँकेतलं आहे. शर्यत संपल्यावर सायकली बाहेर सोडणं. सायकलवरचा नंबर आणि माणसाच्या मनगटावरच्या पट्ट्यावरचा नंबर जुळला तरच सोडायची. लाखालाखाच्या सायकली असतात हो तिथे. एकदा एक गृहस्थ आले, 'भावाची सायकल आहे, तो तिकडे आडवा पडलाय, मी घेऊन जातो.' चेहरा खरंच सारखा होता. मी म्हटलं, भावाला घेऊन या. त्यांनी मला पाच मिनिटं ऐकवलं, पुण्यात अजून माणुसकी शिल्लक आहे का इथपर्यंत. सही जुळली नाही की पैसे नाहीत, हे मी तीस वर्षं ऐकवलंय, त्यामुळे मला काही वाटलं नाही. भाऊ लंगडत आला, पट्टा दाखवला, सायकल गेली.

अंगावर नंबर लिहायचं काम दिसायला सोपं आहे. पहाटे पाच वाजता मार्कर घेऊन दंडावर आणि पोटरीवर आकडे काढायचे. यात अडचण अशी की आपली मंडळी घरूनच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन चोपडून येतात आणि त्यावर मार्कर उमटतच नाही. सुती फडकं जवळ ठेवा, आधी पुसा, मग लिहा. आणि कृपा करून इंग्रजी आकडे लिहा. आमच्यात एक निवृत्त मराठीचे सर होते, त्यांनी अभिमानाने पंचवीस-तीस जणांवर देवनागरी आकडे काढले. देवनागरी १ लांबून इंग्रजी नऊसारखा दिसतो, आणि वळणावर नंबर टिपणाऱ्या पोराच्या यादीत भलत्याच मंडळींनी फेऱ्या पूर्ण केल्या. सरांचा मुद्दा बरोबर होता, जागा चुकली.

आता रस्त्यावरचं मार्शलचं काम. नव्या माणसाला हमखास हेच देतात, कारण यालाच सगळ्यात जास्त माणसं लागतात. मी म्हणेन, पहिल्या वर्षी शक्य तर टाळा. मिळालंच तर पुढचं वाचा.

गाड्या अडवणं तुमचं काम नाही. तो अधिकार पोलिसांचा. तुमच्याकडे जॅकेट आणि शिट्टी आहे म्हणून स्कूटरवाल्याच्या आडवं जाऊ नका. तुमचं काम सायकलवाल्याला वाट दाखवणं आणि पुढे धोका असेल तर त्याला सावध करणं. ताशी ३० किलोमीटरने येणारी सायकल सेकंदाला आठ मीटरहून जास्त अंतर कापते. ती तुमच्यापाशी आल्यावर 'इकडे, इकडे' म्हणून उपयोग नाही. निदान ५० मीटर आधीपासून पूर्ण हात लांब करून दिशा दाखवत राहायचं. तोंडाने 'उजवीकडे' म्हणू नका. तुम्ही त्याच्याकडे तोंड करून उभ्या असता, तुमचं उजवं त्याचं डावं, आणि दोघंही गोंधळता. हातच बोलू द्या. वळणाच्या आतल्या बाजूला तर चुकूनही उभं राहू नका, सायकली तिथूनच कापत येतात.

आणि जागा सोडायची नाही. आमच्या एका मार्शलने समोरच्या टपरीवर फक्त कटिंग घ्यायला रस्ता ओलांडला. तेवढ्यात दोन सायकलवाले यू-टर्न न घेता नाकासमोर निघून गेले. त्यांना पुढच्या चौकातून परत आणेपर्यंत त्यांची शर्यत आणि त्या पोराची अब्रू दोन्ही गेली. मिरवणुकीत दोर धरून उभे राहणारे कार्यकर्ते बघितलेत ना? ढोल वाजतोय, सगळे नाचतायत, पण दोर धरणारा हलत नाही. तसं.

पुणेकरांशी गाठ पडेल ती इथेच. रविवारी सकाळी सात वाजता दूध आणायला निघालेल्या माणसाला रस्ता अर्धा बंद दिसला की तो पहिला प्रश्न विचारतो, 'कुणाच्या परवानगीने?' दुसरा, 'बोर्ड कुठे लावलाय?' वाद घालू नका. 'काका, नऊ वाजेपर्यंतच आहे, डावीकडच्या गल्लीतून निघा, लगेच मुख्य रस्त्याला लागाल,' असं पर्यायी वाटेसकट सांगितलं की निम्मे शांत होतात. त्यासाठी आदल्या दिवशी जाऊन आजूबाजूच्या गल्ल्या बघून या. कोणती कुठे निघते ते माहीत हवं. उरलेले निम्मे तरी भांडणारच, ते त्यांचं रविवारचं हक्काचं आहे. भटक्या कुत्र्यांसाठी बिस्किटाचा पुडा खिशात ठेवा. सायकल आली की कुत्री धावतात, बिस्किटं टाकली की तुमच्यापाशी बसतात. मला हे एका पेपरवाल्याने शिकवलं.

पाण्याच्या टेबलावर मजा असते, तिथे कॉलेजची मुलं छान रमतात. पेला अर्धाच भरायचा, खालून तळहातावर धरायचा म्हणजे धावणाऱ्याला वरून उचलता येतो. 'पाणी' की 'इलेक्ट्रॉल' ते मोठ्याने ओरडायचं, नाहीतर कुणी इलेक्ट्रॉल डोक्यावर ओतून घेतं. पाकिटावर जेवढं पाणी लिहिलंय तेवढ्यातच ते मिसळायचं, अंदाजपंचे नाही. केळी सालासकट अर्धी कापून ठेवायची. चिक्की नको, कोरड्या तोंडात ती गिळवत नाही.

याच टेबलावर एक गंभीर गोष्टही आहे. कुणी वाकडंतिकडं धावत असेल, नजर ठरत नसेल, तर त्याला नंबर विचारा किंवा नाव विचारा. उत्तर भलतंच आलं की लगेच डॉक्टरांच्या टेबलाला कळवा आणि त्याला सावलीत बसवा. बडबडणाऱ्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही. दर वेळी पाणी कमी पडलंय असंही नसतं. मिठाशिवाय पाणीच पाणी प्यायल्यानेही माणूस असा भरकटतो. ते ठरवणं डॉक्टरांवर सोडा.

आणि शेवटच्या माणसापर्यंत थांबा. पहिले वीस जण तुमच्याकडे बघतसुद्धा नाहीत. शेवटून दुसरी येणारी बाई मात्र थांबून विचारते, 'अजून किती राहिलं?' तेव्हा टेबल आवरलेलं असेल तर तिला काय वाटेल? अंतर मात्र खरं सांगा. 'आलंच आता' म्हणू नका. दीड किलोमीटर असेल तर दीड म्हणा. खोट्या दिलाशाने चिडलेले मी पाहिलेत.

तयारीचं म्हणाल तर: या स्पर्धा बहुधा थंडीत असतात. जानेवारीत आपल्याकडे सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि तुम्हाला साडेचारला बोलावलेलं असतं. स्वेटर, कानटोपी, विजेरी न्या. दहाला ऊन लागायला लागतं तेव्हा साधी टोपी. घडीची खुर्ची न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या न्या, कारण नाश्ता येईल म्हणतात तो स्पर्धकांचं झाल्यावर येतो.

नोंदणीच्या फॉर्मवर 'पसंतीचं काम' असा रकाना असतो. तिथे 'लेंथ मोजणे' लिहा. 'काहीही चालेल' असं अजिबात लिहू नका. तसं लिहिणाऱ्यांना पार्किंग देतात.