डिझायनरचं बिल चुकतं केलं म्हणजे लोगो आपला झाला, असं नसतं

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. लोगो आणि ॲपच्या स्क्रीन्स बाहेरच्या डिझायनरकडून करून घेतल्या, पैसे चुकते केले, कंपनी रजिस्टर झाली, डोमेन घेतलं, आता ट्रेडमार्कचा अर्ज तेवढा भरायचाय, अजून काही राहिलंय का असं तुम्ही विचारलंय. अगदी याच जागी मी आणि माझा पार्टनर होतो आणि आम्हालाही वाटत होतं की सगळं झालंय. म्हणून जरा सविस्तर लिहितेय. मी वकील नाही, प्रत्येक देशाचा कायदा वेगळा असतो, तेव्हा कशावरही सही करायच्या आधी जाणकाराला दाखवून घ्या.

पेटंट कशाला मिळतं, ट्रेडमार्क कशाला, हे सगळीकडे लिहिलेलं आहे, त्यात जात नाही. कंपनी रजिस्टर होणं आणि नावाचा ट्रेडमार्क मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, डोमेनचंही तेच, हेही तुम्हाला कोणीतरी सांगितलं असेलच. मला तुमच्या पोस्टमधले "पैसे चुकते केले" हे तीन शब्द खटकले.

कारण लोगो, चित्रं, स्क्रीन्स यांवर कॉपीराइट असतो, म्हणजे त्यांची नक्कल करण्याचा, ते वापरण्याचा हक्क. त्याला नोंदणी लागत नाही, काम तयार झालं की तो आपोआप येतो, बर्न कराराचं (कॉपीराइटबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) तत्त्वच ते आहे. पण येतो कोणाकडे? ज्याने काम केलं त्याच्याकडे. पगारी माणसाने नोकरीचा भाग म्हणून केलेलं काम बहुतेक ठिकाणी मालकाचं धरतात, पण बाहेरून काम करून देणाऱ्याचं तसं नाही, तिथे हक्क आपल्याकडे यायला साधारणपणे लेखी असाइनमेंट लागते, म्हणजे हक्क आपल्या नावावर करून दिल्याचा सही केलेला कागद. अमेरिकेत १९८९ साली सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं एक प्रकरण आहे, एका संस्थेने शिल्पकाराकडून शिल्प करून घेतलं, कल्पना संस्थेची, खर्च संस्थेचा, पण कॉपीराइटबद्दल एक ओळसुद्धा लिहून ठेवलेली नाही. कोर्ट म्हणालं, हा तुमचा कर्मचारी नाही, त्यामुळे कर्मचाऱ्याचं काम म्हणून त्यावर तुमची मालकी येत नाही.

आता आमचं सांगते. यंत्रांच्या देखभालीची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही बनवलं. कोड आमचा, पण लोगो, सगळे आयकॉन आणि मॅन्युअलमधली चित्रं एका डिझायनरकडून करून घेतली. माणूस चांगला, काम वेळेत, आम्हीही पैसे वेळेत दिले. ट्रेडमार्कच्या अर्जासाठी एका सल्लागार ऑफिसात गेलो (नाव घेत नाही) तेव्हा मी स्वतः डिझायनरच्या कामाची फाइल उघडून विचारलं होतं, की हे काम बाहेरून करून घेतलंय, अजून काही कागद लागेल का? समोरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "बिल आहे ना? मग झालं." आम्ही फी भरली आणि निघालो.

चार वर्षांनी एका मोठ्या कंपनीला आमचं सॉफ्टवेअर विकत घ्यायचं होतं. त्यांच्या वकीलबाईंनी यादी पाठवली, त्यात प्रत्येक गोष्टीपुढे दोन रकाने, कोणी बनवलं आणि हक्क तुमच्याकडे कोणत्या कागदाने आले. मी बिल दाखवलं. बिलावर एकच ओळ होती, "लोगो, आयकॉन व चित्रे, संपूर्ण काम". त्यांनी त्या ओळीवर पेन टेकवलं आणि म्हणाल्या, हे काम झाल्याचं बिल आहे, हक्क दिल्याचं यात काहीच नाही. मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत बसले होते, ते आजही आठवतं.

मग डिझायनरचा शोध. जुना ईमेल बंद, फोन बदललेला. सापडायला सात आठवडे गेले, सापडल्यावर तो म्हणाला सही करतो पण याचे पैसे वेगळे. मला राग आला होता, पण त्याचं चुकलं नव्हतं, हक्क त्याचाच होता. खरा धक्का पुढे बसला, मॅन्युअलमधली चित्रं त्याने स्वतः काढलीच नव्हती, मित्राकडून काढून घेतली होती, आणि त्या दोघांमध्येही कसलाच कागद नाही. म्हणजे आता दोन सह्या हव्यात. दुसरी सही येईपर्यंत समोरच्या कंपनीची मुदत संपली आणि त्यांनी दुसरं सॉफ्टवेअर घेतलं. ऑफिसातल्या त्या माणसाने दोन मिनिटं काढून नीट उत्तर दिलं असतं तर हे सगळं एका पानात आटोपलं असतं. फी घेताना त्यांना वेळ असतो, फाइल वाचायला नसतो, याचा मला अजूनही संताप येतो.

तेव्हा ट्रेडमार्कचा अर्ज दोन दिवस मागे पडला तरी चालेल, पण डिझायनरची सही आधी घ्या, असं माझं स्पष्ट मत आहे (वकिलांचं वेगळं असू शकतं, नाव दुसरं कोणी घेईल अशी भीती असेल तर दोन्ही एकदमच करा). कारण लोगोचा कॉपीराइट दुसऱ्याकडे असेल तर बऱ्याच देशांत तो माणूस तुमच्या ट्रेडमार्कलाच हरकत घेऊ शकतो.

कागदात भाषा नीट बघा. "हक्क देण्याचं मान्य करतो" आणि "या कागदाने हक्क देत आहे" यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाने एका संशोधकाकडून पहिल्या धर्तीचं लिहून घेतलं होतं आणि एका खाजगी कंपनीने दुसऱ्या धर्तीचं, नंतर पेटंटवरून वाद झाला तेव्हा कंपनीचा कागद वरचढ ठरला, २०११ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातही विद्यापीठ हरलं. मुदत आणि प्रदेशही लिहा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात मुदत लिहिली नसेल तर असाइनमेंट ५ वर्षांचीच धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारतापुरती, हे मला फार उशिरा कळलं. काम स्वतः केलंय, दुसऱ्या कोणाचं काही वापरलेलं नाही, असंही त्याच्याकडून लिहून घ्या, आणि मूळ एडिट होणाऱ्या फाइल्स त्याच वेळी ताब्यात घ्या. फॉन्ट कुठला वापरलाय आणि त्याचं लायसन्स कोणाच्या नावावर आहे तेही विचारा.

तुम्ही शेवटी लिहिलंय की ॲपमधली सेन्सरची नवीन पद्धत पुढच्या महिन्यात प्रदर्शनात दाखवणार आहात. पेटंटचा जरासा जरी विचार असेल तर अर्ज आधी, प्रदर्शन नंतर. अमेरिकेत स्वतः जाहीर केल्यापासून १२ महिने सूट मिळते, पण युरोपात साधारणपणे तशी सूट नाही, आपणच दाखवलं तरी पेटंटला लागणारं नावीन्य गेलं. एकदा पहिला अर्ज केला की पॅरिस करारानुसार (पेटंट-ट्रेडमार्कबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या सदस्य देशांत तीच तारीख धरून अर्ज करायला पेटंटला १२ महिने आणि ट्रेडमार्कला ६ महिने मिळतात, तेव्हा सगळीकडे एकदम खर्च करायची गरज नाही.

अजून एक, अर्ज प्रसिद्ध झाला की तुमच्या पत्त्यावर सरकारी वाटणारी पत्रं येतील, शिक्का वगैरे मारलेली, अमुक रजिस्टरमध्ये नाव टाकायला एवढे पैसे भरा म्हणून. जिनिव्हाच्या वायपोने (पेटंट, ट्रेडमार्क वगैरे बघणारी संयुक्त राष्ट्रांची संस्था) स्वतः अशा पत्रांबद्दल सावध केलंय. आमच्याकडे पहिल्याच महिन्यात तीन आली, पार्टनर एकाचे पैसे भरायलाच बसला होता. अर्ज ज्याच्यामार्फत केलाय त्याला विचारल्याशिवाय काही भरू नका.

तुमचं डिझायनरशी अजून बोलणं चालू आहे असं पोस्टवरून दिसतंय, ही फार चांगली गोष्ट आहे, आजच मेसेज करा आणि पहिल्यांदा हेच विचारा की यातलं काही त्याने दुसऱ्या कोणाकडून करून घेतलंय का. तो काय म्हणतो ते इथे लिहा, मग ट्रेडमार्क कोणकोणत्या वर्गांत घ्यायचा ते बघू, वर्ग म्हणजे कोणत्या प्रकारच्या मालासाठी किंवा सेवेसाठी नाव नोंदवायचं ते, एकूण ४५ आहेत आणि सॉफ्टवेअरवाल्यांची गल्लत ९ (डाउनलोड होणारं सॉफ्टवेअर) आणि ४२ (सॉफ्टवेअरच्या सेवा) मध्येच होते.