दूरशिक्षण, दूरस्थ शिक्षण की 'बाहेरनं'?

कागलच्या एका ताईंनी विचारलंय की दूरशिक्षण बरोबर का दूरस्थ शिक्षण, मुक्त विद्यापीठ म्हणजे तेच का, आणि दुकानातली नोकरी सांभाळून बीए करायचं तर याचा खरंच उपयोग होतो का.

ताई, आधी शब्दाचं बघू. दूरशिक्षण हा दूरध्वनी, दूरदर्शन यांच्या घरातला शब्द, सरळ समास, दुरून घेतलेलं शिक्षण, म्हणून एकत्र लिहायचा. दूरस्थ मधला 'स्थ' म्हणजे राहणारा, असणारा, जसं तटस्थ म्हणजे काठावर उभा, मध्यस्थ म्हणजे मधे असलेला. मग दूरस्थ शिक्षण म्हटलं की अर्थ होतो लांब असलेलं शिक्षण, आणि खरं तर शिक्षण लांब नसतंच, ते पुस्तकातनं, मोबाईलवरनं आपल्या घरात आलेलं असतं, लांब असतो तो वर्ग. हिंदीत दूरस्थ शिक्षा रुळलंय, मराठीतही सरकारी कागदावर दूरस्थ सर्रास दिसतं, त्यामुळे चूक म्हणणार नाही, पण मला विचाराल तर दूरशिक्षणच जास्त नेटकं.

आपल्याकडं मात्र बोलताना यातलं काहीच कोण म्हणत नाही. आपण म्हणतो "बाहेरनं बीए केलं", "सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावी दिली". कागदावर याचा शब्द बहिःस्थ, इथं पण तोच 'स्थ', आणि हा शब्द मला कायम खटकत आलाय कारण तो विद्यार्थ्यालाच बाहेर उभं करतो. माझा एक मित्र शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत तीन पाळ्यांत काम करत बीए झाला, रात्रपाळी उतरून सकाळी पुस्तक उघडायचा, आणि कोण विचारलं की हळू आवाजात "बाहेरनं केलंय" म्हणायचा. त्याचं फार वाईट वाटायचं मला. बहिःस्थमध्ये फॉर्म भरा, अभ्यास तुमचा तुम्ही करा, परीक्षेला या, एवढंच असायचं. दूरशिक्षणात संस्थेनं स्वयंअध्ययनाची पुस्तकं द्यायची असतात, संपर्कसत्रं, म्हणजे अधनंमधनं समोरासमोर भरणारे वर्ग, घ्यायची असतात, स्वाध्याय तपासायचे असतात, म्हणजे शिकवायची जबाबदारी संस्थेवर येते. हा फरक मोठा आहे. (बहिःशाल हा आणखी वेगळा शब्द, ती विद्यापीठानं गावोगावच्या लोकांसाठी ठेवलेली व्याख्यानं, त्यात पदवी नाही.)

आता मुक्त. दूर हे अंतराबद्दल सांगतं, मुक्त हे दाराबद्दल, म्हणजे वय, आधीचं शिक्षण, किती वर्षांत संपवायचं, या अटी सैल. आपलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ ला नाशिकला निघालं, 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद, त्याच्या चार वर्षं आधी दिल्लीचं इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. त्याच्याही आधीचा शब्द पत्रद्वारा शिक्षण, धडे पोस्टानं यायचे, दिल्ली विद्यापीठानं ते १९६२ मध्ये सुरू केलं, आपलं शिवाजी विद्यापीठही त्याच सालचं. शिवाजी विद्यापीठात दूरशिक्षणाचं केंद्र आहे पण म्हणून ते मुक्त विद्यापीठ होत नाही, प्रवेशाच्या अटी विद्यापीठाच्याच. आणि ऑनलाइन म्हणजे नुसतं साधन, छापील पुस्तकावरनंही दूरशिक्षण होतंच की.

उपयोगाचं म्हणाल तर तुमच्यासाठी सगळ्यात मोठा फायदा पगार चालू राहतो हा, रोज कागल-कोल्हापूर एसटीचे दोन फेरे वाचतात, होस्टेल-मेस नाही, आणि मूल आजारी पडलं तर हजेरी बुडाली म्हणून परीक्षा हुकत नाही. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यता असलेल्या संस्थेची अशी पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरतात. फक्त त्या वर्षी त्या कोर्सला मान्यता आहे का हे यूजीसीच्या यादीत स्वतः बघा, एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. अवघड एकच, रोजचा तास तुमचा तुम्हीच राखायचा, घंटा वाजवायला कोण नसतं.

आणि नोकरीच्या अर्जात शिक्षणपद्धत विचारली तर तुमच्या प्रमाणपत्रावर किंवा माहितीपुस्तिकेत जो शब्द छापलाय तोच लिहा, दूरस्थ असेल तर दूरस्थ. बोलताना मात्र "दूरशिक्षणातनं बीए करतेय" असं मोठ्यानं सांगा, बाहेरनं नको.