वाचकांचे प्रश्न: मुखपृष्ठावरून पेटलेली भांडणं

प्रश्न: पोर्तुगीज राजवटीवरच्या एका नव्या इंग्रजी पुस्तकाच्या शीर्षकातच त्या राजवटीला 'उपकार' म्हटलंय. मुखपृष्ठाचा फोटो पाहून मी फेसबुकवर खरमरीत लिहिलं. आता एका प्राध्यापकांनी सगळ्यांदेखत विचारलं, 'पुस्तक वाचलंत का?' वाचलेलं नाही. पोस्ट काढून टाकू का?
– इतिहासाच्या प्राध्यापिका, फोंडा

उत्तर: काढू नका. स्क्रीनशॉट एव्हाना फिरला असेल, आणि पोस्ट गायब झाली की वाद पुस्तकाचा न राहता तुमचा होतो. तिच्याच माथ्यावर तारखेसह एक ओळ घाला: 'ही प्रतिक्रिया फक्त शीर्षकावर आहे, पुस्तक वाचून पुन्हा लिहीन.' मग खरंच वाचा.

सगळं एका दमात नको. आधी उपशीर्षक पाहा. मोबाइलवरच्या फोटोत नेमकं तेच कापलं जातं, आणि तिथे प्रश्नचिन्ह निघालं तर तुमची अर्धी पोस्ट जागीच कोसळते. 'उपकार' हा शब्द लेखकाचा की एखाद्या जुन्या अधिकाऱ्याचा उपरोधाने उचललेला, हे बहुधा प्रस्तावनेत कळतं. मग शेवटचं प्रकरण, आणि कोणता विषय कोणत्या पानांवर हे सांगणारी अखेरची सूची. सूचीकडे फारसं कुणी फिरकत नाही, पण लेखकाचा कल तिथे उघडा पडतो. गोव्यातलं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मद्रोहाचा ठपका ठेवून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, १५६० ते १८१२ चाललं, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षं सोडून. ते ज्याने दोन पानांत उरकलं, त्याच्यावर टीका करायला शीर्षकाची गरजच नाही.

एक्सवर लिहिणार असाल तर २८० अक्षरांची मर्यादा देवनागरीला जाचते. तिथे काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात, 'क्ष' तर तीन जागा खातो. चाळीसेक शब्दच बसतात, दुवा आणखी २३ घेतो. म्हणून एका पोस्टमध्ये एकच आक्षेप आणि त्याचा पान क्रमांक. फोटो अख्ख्या पानाचा टाका. नुसती ओळ कापून टाकली की वरचं 'काही जण म्हणतात' गळतं, आणि समोरचा तेच पुढे करतो.

अब्रूनुकसानीची भीती अनाठायी नाही. पण भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये अपवाद आहे: पुस्तक प्रसिद्ध करणारा ते लोकांच्या निवाड्यासाठी ठेवतो, त्यावर सद्हेतूने मत देता येतं. जुन्या दंडविधानातून आलेली त्यातली उदाहरणं मोठी मार्मिक आहेत. 'पुस्तक मूर्खपणाचं आहे, म्हणजे लेखक दुबळ्या बुद्धीचा असणार' हे चालतं, कारण अनुमान पुस्तकावरून काढलंय. 'तो दुबळा आणि बदफैलीच आहे, म्हणून पुस्तक असं निघालं यात नवल नाही' हे चालत नाही.

प्रश्न: गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा का, यावरच्या १९६७च्या जनमत कौलावरचा माझा प्रबंध पुस्तकरूपात येतोय. प्रकाशकांना शीर्षकात 'विश्वासघात' हवाय. मान्य करू?
– एक संशोधक, म्हापसा

उत्तर: आधी करार वाचा. शीर्षकाबाबत शेवटचा शब्द बहुतेक करारांत प्रकाशकाचा असतो. सही व्हायची असेल तर 'लेखकाच्या लेखी संमतीने' एवढे शब्द घालून घ्या. सही झाली असेल तर उरते ती मनधरणी.

कुणी कुणाचा घात केला हे एखाद्या प्रकरणात कागदपत्रांनिशी दाखवलं असेल तरच तो शब्द ठेवा. शिव्या प्रकाशकाला नव्हे, तुम्हाला पडतील. रिचर्ड डॉकिन्स यांचं 'द सेल्फिश जीन' ('स्वार्थी जनुक', १९७६) घ्या. जनुकाला हेतू नसतो हे डॉकिन्स यांनी आत समजावलं होतं, तरी १९७९ मध्ये तत्त्वज्ञ मेरी मिजली यांनी सुनावलं की अणू मत्सरी नसतो तसं जनुकही स्वार्थी नसतं. पुढे 'अमर जनुक' हे नाव बरं ठरलं असतं, असं डॉकिन्सच म्हणाले.

एक स्वस्त चाचणी: विलीनीकरणवादी घरातला एक आणि विलीनीकरणाच्या विरोधातल्या कोंकणीवादी घरातला एक, दोघांना नुसतं शीर्षक दाखवा आणि आत काय असेल ते विचारा. दोघांनीही आत नसलेलंच सांगितलं, तर शब्द बदला. उपशीर्षकात मात्र गोवा आणि १९६७ यायलाच हवं.

प्रश्न: माझ्या पुस्तकाचं शीर्षक दुसऱ्याने जसंच्या तसं वापरलं. मित्र त्याला फेसबुकवर चोर म्हणताहेत. दावा करता येईल?
– मडगाव

उत्तर: नुसत्या शीर्षकावर कॉपीराइट मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये एका चित्रपटाच्या नावाच्या खटल्यात तेच सांगितलं. आतला मजकूर उचलला असेल तर गोष्ट निराळी. तोवर मित्रांना 'चोर' हा शब्द काढायला सांगा. वर सांगितलेला अपवाद त्यांच्या कामाला येईल असं वाटत नाही.