वाचकांचे प्रश्न : धरणी हलते, पण मरतं कोण?

प्रश्न : भूकंप, वादळ काही माणसाची ऐपत बघून येत नाही. तरी दरवेळी जास्त मरतात ते गरीबच. याला दैव म्हणायचं का?

दैवाला इतक्या लवकर मध्ये आणू नका. २०१० सालचे दोन भूकंप घ्या. १२ जानेवारीला हैतीत ७.० तीव्रतेचा, २७ फेब्रुवारीला चिलीत ८.८ चा. ऊर्जेच्या हिशेबात दुसरा पहिल्याच्या सुमारे ५०० पट. चिलीत ५०० च्या आसपास माणसं गेली, त्यातली बरीच त्सुनामीत. हैतीचा सरकारी आकडा तीन लाखांवर. त्यावर वाद आहेत, पण सगळ्यात कमी अंदाजही चिलीच्या कित्येक पट भरतो. हैतीचा भूकंप उथळ होता, राजधानीला खेटून होता, हे मान्य. तेवढ्याने हा फरक भरून निघत नाही.

मी पेशाने बांधकाम अभियंता. पडलेल्या इमारतीत मी आधी कॉलमच्या रिंगा बघतो. उभ्या सळयांना आवळून धरणाऱ्या त्या बारीक सळया. त्यांची टोकं १३५ अंशांत वळवून आतल्या काँक्रीटमध्ये घातली, तर वरचं काँक्रीट उडालं तरी रिंग सुटत नाही. ९० अंशांवर सोडून दिली की ती उघडते, उभ्या सळया फाकतात आणि स्लॅबवर स्लॅब बसतो. जादा लोखंड लागतं ते बोटभर. पण माल ओतायच्या आधी ते कोणीतरी बघायला हवं, कारण नंतर दिसत नाही.

चिलीत हे बघतात. १९६० चा ९.५ तीव्रतेचा भूकंप त्यांनी सोसलेला आहे. इमारतीच्या सांगाड्यात दोष निघाला तर मूळ मालक दहा वर्षं कायद्याने बांधील राहतो. हैतीत पाळला जाईल असा बांधकामाचा नियमच नव्हता. पैसे येतील तशी एकेक खोली चढायची, तीही उतारावर, कारण सपाट जागा परवडत नव्हती. आणि ही गरिबी आभाळातून पडली नाही. स्वातंत्र्य मान्य करण्याच्या मोबदल्यात फ्रान्सने १८२५ मध्ये हैतीकडे १५ कोटी फ्रँक मागितले (रक्कम पुढे कमी केली, तो भाग वेगळा). त्यापायी झालेल्या कर्जाची फेड १९४७ पर्यंत चालली. ज्या देशाची तिजोरी अशी सव्वाशे वर्षं गळत होती, तिथे रिंगा तपासणारा निरीक्षक कुठून यायचा?

प्रश्न : वादळाची सूचना मिळूनही लोक घर सोडत नाहीत. हा अडाणीपणाच ना?

मुळीच नाही. ज्याची सारी पुंजी म्हणजे एक गाय, त्याला ‘गाय सोडून निघ’ म्हणणं सोपं असतं, सांगणाऱ्याला. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसं गेली, त्यात बायका पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त. पोरं आणि घर त्यांच्या गळ्यात, नवऱ्याला विचारल्याशिवाय निघायचं कसं, आणि निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची कशी? पुढे निवारे वाढले, गुरांसाठी मातीचे उंच भराव घातले गेले, मेगाफोन घेऊन फिरणारे गावातलेच स्वयंसेवक वाढले. २००७ चं सिद्र वादळही भयंकरच होतं. मृत्यू साडेतीन हजारांच्या आसपास. तेही थोडे नाहीत, पण १९७० च्या वादळात तिथेच किमान तीन लाख गेले होते.

प्रश्न : श्रीमंत देशांना ही भीती नाही, असं समजायचं का?

जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेच्या लाटेने ७०० हून अधिक माणसं मेली. त्यात एकटी राहणारी गरीब म्हातारी माणसं फार. काहींनी चोरीच्या धास्तीने खिडक्यासुद्धा बंद ठेवल्या होत्या. १९९९ ला पुन्हा लाट आली, तेव्हा शहराने अशा म्हाताऱ्यांना फोन केले, घरी माणसं पाठवली. मृत्यू पुष्कळच कमी झाले.