विक्रम समोर दिसत असताना बॅरी सँडर्सने खेळ का सोडला?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त डेट्रॉईटजवळ राहतो. फोर्ड फील्ड स्टेडियमबाहेर अमेरिकन फुटबॉलपटू बॅरी सँडर्सचा पुतळा दाखवत तो म्हणाला, “बाबा, कारकिर्दीत सर्वाधिक यार्ड धावण्याचा विक्रम एका हंगामावर आला असताना हा माणूस निवृत्त झाला.” दुखापत झाली होती, की पैशांवरून बिनसलं होतं?
– एक वाचक, सांगली

उत्तर : दोन्ही नाही. पैशांचं म्हणाल, तर खेळ सोडल्यामुळे करारावर सही करताना मिळालेल्या बोनसपैकी काही रक्कम त्याला उलट परत करावी लागली. आणि अंगानेही तो धडधाकट होता.

मुलाचा हिशेब मात्र बरोबर आहे. बॅरी होता रनिंग बॅक. क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करणारा खेळाडू, चेंडू त्याच्या पोटाशी देतो आणि समोरच्या गर्दीतून वाट काढत तो जेवढं अंतर पळेल तेवढे यार्ड त्याच्या नावावर. दर खेपेला शंभर-सव्वाशे किलोचे गडी अंगावर येतात, म्हणून तिशी आली की या जागेवरचे बहुतेक खेळाडू थकतात. बॅरी १९८९ ते १९९८ अशी दहा वर्षं डेट्रॉईट लायन्सकडून खेळला, ३,०६२ वेळा चेंडू घेऊन धावला आणि १५,२६९ यार्डांवर थांबला. वॉल्टर पेटनचा विक्रम होता १६,७२६ यार्डांचा. म्हणजे कमी पडले १,४५७, आणि शेवटच्या हंगामात बॅरीने केले होते १,४९१! त्याआधीच्या वर्षी तर २,०५३.

मग का सोडलं? माझ्या मते उत्तर त्याच्या पहिल्याच वर्षात आहे. १९८९चा शेवटचा सामना अटलांटात होता. लायन्स जिंकत होते आणि बॅरी बाकावर बसला होता. हंगामातल्या सर्वाधिक यार्डांचा मान कॅन्सस सिटीच्या ख्रिश्चन ओकोयेकडे जाणार होता, फरक फक्त दहा यार्डांचा. प्रशिक्षक वेन फाँट्स यांनी विचारलं, जातोस का मैदानात? एकवीस वर्षांचा बॅरी नको म्हणाला. सामना जिंकलाय, तेवढं त्याला पुरे होतं. टचडाऊन केल्यावरही, म्हणजे चेंडू शेवटच्या रेषेपार नेऊन गुण मिळवल्यावरही, तो नाचायचा नाही, चेंडू पंचाच्या हातात द्यायचा आणि चालू लागायचा.

अशा माणसाला आकड्यांनी कसं बांधून ठेवणार? त्याला सामने जिंकायचे होते, आणि नेमकं तेच होत नव्हतं. दहा वर्षांत बाद फेरीतला एकच विजय, जानेवारी १९९२ मध्ये डॅलसविरुद्ध. १९९८ मध्ये तर लायन्स सोळापैकी अकरा सामने हरले. सततच्या हरण्याने खेळावरचं मन उडालं, हे पुढे त्याने स्वतःच सांगितलं. जुलै १९९९ मध्ये, संघाचं सराव शिबिर तोंडावर असताना, त्याने आपल्या गावच्या, विचिटाच्या वर्तमानपत्राला फॅक्स पाठवला : खेळत राहण्यापेक्षा सोडण्याची इच्छा आता जास्त आहे. वय ३१.

चाहते चिडले, ते मी समजू शकतो. शिबिराच्या तोंडावर संघाला असं अडचणीत टाकणं मलाही पटत नाही. पण विक्रमासाठी त्याने आणखी एक वर्ष मन मारून खेळायला हवं होतं, हे मला मुळीच मान्य नाही. पेटनचा विक्रम २००२ मध्ये एमिट स्मिथने मोडला. त्याचे एकूण यार्ड १८,३५५, पण चेंडू घेऊन तो धावला ४,४०९ वेळा, बॅरीपेक्षा तेराशेहून जास्त.

डॅलसविरुद्धच्या त्या सामन्याचं चित्रण मिळालं तर मुलासोबत जरूर बघा. शेवटच्या सत्रात बॅरीला चहूबाजूंनी घेरलेलं दिसेल. आता पडला असं वाटतं, तेवढ्यात हा पाच फूट आठ इंचांचा गडी त्या घोळक्यातून सुटतो आणि थेट टचडाऊन करतो, ४७ यार्डांचं.